न्हाणीघरातली काळी बुरशी



बीड जिल्ह्यात राहून ओलीबद्दल बोलायचे, म्हणजे काहींना थट्टा वाटेल. आपल्याकडे पावसाची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या घरात, त्यातही तीन वर्षांतून एखादे वर्ष धड. मग ओल आणि बुरशी हे कोकणातल्या लोकांचे दुखणे, आपल्याला त्याचे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण जरा आपल्या बाथरूमचा दरवाजा उघडा आणि वर, कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीखाली आणि टाइल्सच्या सांध्यांमध्ये पाहा. बहुतेक घरांत तिथे काळे ठिपके दिसतील. काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळून काजळी धरल्यासारखा पट्टा झालेला असेल.

हे कोड्यासारखे वाटते, पण त्याचे उत्तर आपल्या पाणीटंचाईतच आहे. नळाला पाणी बऱ्याच दिवसांनी येते, म्हणून आपण ते साठवतो. ड्रम, टाकी, बादल्या, घागरी, सगळे भरून ठेवतो आणि घरात जागा कमी असल्यामुळे हा सगळा साठा बाथरूममध्ये जातो. चार बाय सहाच्या त्या खोलीत पाण्याचे उघडे ड्रम, गीझरची वाफ, भिजत घातलेले कपडे आणि दांडीवरचे ओले टॉवेल. खिडकी म्हणाल तर वीतभर, तीही शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून कागद लावून बंद केलेली. बाहेर दुष्काळ असला तरी त्या खोलीत बारा महिने पावसाळाच असतो.

आपल्या जुन्या घरांत असे नव्हते. न्हाणी परसात असे. चार दगड, आडोशाला कूड, वर आभाळ. आंघोळ झाली की तासाभरात उन्हाने ती कोरडी व्हायची. भिंतींना चुन्याची सफेदी असे. ताजा चुना इतका क्षारधर्मी असतो, की त्यावर बुरशीला पाय रोवता येत नाही. वर्षभरात हवेमुळे त्याचा तो जोर कमी होतो, आणि नेमका तेव्हा दसरा-दिवाळीला नवा हात दिला जायचा. आता न्हाणी घरात आली, ती सोयीची झाली, विशेषतः घरातल्या बायकांसाठी. ते चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर ऊन आणि वारा मात्र आत आले नाहीत.

बुरशी म्हणजे काय, हे आपल्या आजीला पुस्तक न वाचता ठाऊक होते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नको, असे ती बजावायची. बुरशीचे अतिसूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आपल्या घरात, शेतात, धान्याच्या कोठीत. त्यांना घरातून हाकलता येत नाही. त्यांना उगवायला लागतो तो ओलावा आणि थोडे खाद्य. एखादी जागा सलग चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ओली राहिली, की बीजाणू उगवू लागतात. खाद्य म्हणून त्यांना साबणाचा चिकट थर, अंगाचा मळ, रंगातले चिकट पदार्थ, लाकडाचा भुसा, काहीही चालते. आपण बाथरूममध्ये ओला चमचा रोज घालतो आणि मग बुरशी का आली म्हणून विचारतो.

आता भीतीविषयी बोलू. ‘काळी बुरशी’ हे दोन शब्द ऐकले, की २०२१ चा उन्हाळा आठवतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जबडे गेले, अनेकांचे प्राण गेले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितले. वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून त्याला ‘काळी बुरशी’ हे नाव पडले आणि ते घराघरांत पोचले. तेव्हापासून बाथरूममधला काळा डाग दिसला, की काहींच्या पोटात गोळा येतो.

म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे, की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. म्युकरमायकोसिस घडवणारी बुरशी माती, शेण, कुजका पाला यांत वाढते. तो आजार मुख्यतः ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, ज्यांना स्टेरॉइडचे मोठे डोस दिले गेले आहेत किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, अशांना होतो. त्यात शरीराचा जो भाग मरतो तो काळा पडतो, म्हणून ते नाव पडले. ती बुरशी स्वतः काळी नसते. बाथरूमच्या भिंतीवर दिसते ती बहुधा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस नायजर अशा जातींची असते. तिच्यामुळे म्युकर होतो, असे समजण्याचे कारण नाही.

परदेशात ‘विषारी काळी बुरशी’ म्हणून स्टॅकिबॉट्रिस नावाच्या जातीची फार चर्चा झाली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि संशयाची सुई या बुरशीकडे गेली. पुढे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने त्या अभ्यासाची फेरतपासणी केली आणि २००० साली जाहीर केले, की हा संबंध सिद्ध होत नाही. शिवाय ही जात कागद, पुठ्ठा, प्लायवूड असे पदार्थ सतत भिजत राहिले तर वाढते. अमेरिकेतल्या घरांच्या भिंतींवर कागद लावलेले जिप्समचे तक्ते असतात. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंतींवर आणि टाइल्सवर तिला तेवढी सोय नाही.

मग बिनधास्त राहायचे का? तसेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना दमा, खोकला, शिंका, श्वसनमार्गाचे त्रास अधिक होतात, असे त्यात नमूद आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल या गावी डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बाळ दगावले. भाड्याच्या घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा आजार होऊन हा मृत्यू झाला, असा निर्णय २०२२ मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने दिला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर २०२३ मध्ये तिथे कायदा झाला आणि सामाजिक गृहनिर्माण संस्थांवर अशा तक्रारींची ठरावीक मुदतीत दखल घेण्याचे बंधन आले. तेव्हा घाबरू नये, पण चालढकलही करू नये. ज्या घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस आहे, तिथे तर मुळीच नाही.

पण श्रोतेहो, माझ्या मते आपल्याकडे बुरशीपेक्षा ती काढण्याची पद्धत जास्त धोक्याची आहे. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात, तशातली गत. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. टाइल्सवर, नळांवर पांढरे थर बसतात. ते काढायला प्रत्येक घरात ॲसिडची बाटली असते. संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांतही हायड्रोक्लोरिक ॲसिडच असते. दुसऱ्या बाजूला ब्लिचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच असते. काळे डाग एकाने जात नाहीत म्हटल्यावर माणूस विचार करतो, दोन्ही घालून पाहू, जोर वाढेल.

जोर वाढत नाही, क्लोरीन वायू तयार होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर हाच वायू सोडला होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून खाली जमिनीलगत साचतो. आणि आपल्याकडे बाथरूम घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, तोंड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दार लोटलेले, खिडकी बंद. घरातली सून असो की कामाला येणाऱ्या मावशी, हा धोका त्यांच्याच वाट्याला येतो. म्हणून आज माझ्या बोलण्यातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : ब्लीचमध्ये साध्या पाण्याशिवाय काहीही मिसळायचे नाही. ॲसिड नाही, संडास साफ करण्याचा द्रव नाही, व्हिनेगर नाही, लिंबू नाही, अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रवही नाही. एकापाठोपाठ एकही वापरायचे नाही. क्षार काढायचे असतील तर त्याचा दिवस वेगळा, बुरशीचा दिवस वेगळा.

आता रीत सांगतो. आधी डाग किती आहे ते पाहा. एकूण जागा साधारण तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे दहा चौरस फुटांच्या आत असेल, तर घरी साफ करता येते. त्याहून जास्त पसरली असेल, प्लास्टर फुगले असेल किंवा वरून पाणी झिरपत असेल, तर आधी गवंडी आणि प्लंबर यांना बोलवा. डाग मळाचा की बुरशीचा, अशी शंका असेल तर पाण्यात विरलेल्या ब्लीचचा एक थेंब कापसाने लावून पाहा. एक-दोन मिनिटांत रंग फिका झाला तर बहुधा बुरशी. भिंतीवर पांढरी भुकटी आली असेल तर तो लोणा, म्हणजे क्षार. तो पाण्यात विरघळतो. बुरशी विरघळत नाही. पण लोणाही सांगतो तेच, की भिंतीत पाणी मुरते आहे.

काम सकाळी, उन्हाच्या दिवशी काढा. खिडकी आणि दार सताड उघडे ठेवा. लहान मुले, गरोदर स्त्रिया, दमेकरी आणि म्हातारी माणसे यांना दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात पाठवा. टूथब्रश, साबण, टॉवेल, बादल्या बाहेर काढा. साठवलेल्या पाण्याचे ड्रम हलवा, हलत नसतील तर घट्ट झाका. गीझरचे बटण बंद करून भागत नाही, त्याचा मुख्य पुरवठा बंद करा. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे आणि तोंडाला एन-९५ मास्क. रुमाल किंवा पदर बांधल्याने बीजाणू अडत नाहीत. कोरोनाच्या काळात घेतलेले न वापरलेले मास्क घरात असतील, तर ते इथे कामी येतील.

पहिला नियम, कोरडी बुरशी खरवडायची नाही. तसे केले की लाखो बीजाणू हवेत उडतात आणि थेट नाकात जातात. आधी साबणाच्या पाण्याने जागा भिजवा. धुण्याचा सोडाही पाण्यात विरघळवून वापरता येतो. पाच-दहा मिनिटांनी प्लास्टिकच्या ब्रशने घासा. तारेच्या घासणीने टाइल्सवर ओरखडे पडतात आणि पुढची बुरशी त्याच ओरखड्यांत बसते. सांध्यांसाठी जुना टूथब्रश चांगला. वरून खाली या, फडक्याने पुसून घ्या, भरपूर पाण्याने धुवा. ते फडके पुन्हा वापरू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

टाइल्सवरची बुरशी बहुधा एवढ्यानेच निघते. ब्लीचची गरज लागेलच असे नाही. सांध्यांत काळपटपणा उरलाच, तर जागा साबण राहणार नाही अशी धुऊन घ्या आणि मग ब्लीच वापरा. घरगुती द्रवरूप ब्लीच असेल तर चार लिटर थंड पाण्यात एक कप, त्याहून जास्त नाही. पाणी गरम नको. फवारू नका, स्पंजने लावा, दहा मिनिटे थांबा, त्या वेळात खोलीच्या बाहेर राहा आणि मग पाण्याने धुवा. केलेले मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका, त्याची ताकद उतरते. आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर ब्लीच किंवा ॲसिड कधीही ठेवू नका. तहानलेले मूल बाटली ओळखते, आतला द्रव ओळखत नाही.

काम करताना डोळे चुरचुरले, घसा आवळला, खोकल्याची उबळ आली, तर तिथेच थांबा. बादली उचलायला, नळ बंद करायला थांबू नका. दार उघडे टाकून मोकळ्या हवेत या. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा. श्वास लागत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि काय काय मिसळले होते ते डॉक्टरांना सांगा. लाजून लपवू नका.

आता मुळाकडे वळू. आपल्याकडे म्हण आहे, रोग म्हशीला आणि इलाज पखालीला. डाग पुसला आणि ओल तशीच ठेवली, तर महिन्याभरात तो परत येणार. वरून रंग मारला तर आणखी लवकर, कारण रंगाखालची बुरशी जिवंत असते आणि रंगाचे पापुद्रे तिला खाऊ म्हणून मिळतात. तेव्हा ओल कुठून येते ते शोधा. साधा उपाय आहे. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमले, तर ती खोलीतली वाफ आहे. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले, तर भिंतीतून पाणी येते आहे. गळका पाइप, गच्चीवरची टाकी, बाहेरच्या भिंतीची भेग, वरच्या मजल्याची मोरी, यांपैकी काहीतरी. तिथे ब्लीचचे काम नाही, गवंड्याचे आहे. दुरुस्ती झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग काढा.

वाफेवर उपाय फार खर्चाचे नाहीत. आंघोळ झाल्यावर भिंतीवरून आणि फरशीवरून वायपर फिरवा, दोन मिनिटांचे काम आहे. दार उघडे ठेवा. आपल्याकडे बाथरूमचे दार सदैव लावून ठेवण्याची सवय आहे, ती मोडा. खिडकीवरचा कागद काढून जाळी लावा. ड्रमना घट्ट झाकणे करा. त्याने ओल कमी होईल आणि डेंग्यूच्या डासांनाही घर मिळणार नाही. ओले कपडे आणि टॉवेल बाहेर उन्हात टाका. एवढे ऊन तर आपल्या जिल्ह्याला फुकट मिळाले आहे. एक्झॉस्ट पंखा बसवणार असाल तर तो हवा घराबाहेर टाकतो आहे ना, ते पाहा. आंघोळीनंतर तो वीस-पंचवीस मिनिटे चालू ठेवा, आणि दाराखाली बोटभर फट राहू द्या, म्हणजे आत हवा येईल. गॅसचा गीझर मात्र बाथरूमच्या आत कधीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.

सप्टेंबर २०२५ मधली अतिवृष्टी आपण विसरलेलो नाही. मराठवाड्यात नद्यांचे पाणी वस्त्यांत शिरले, आपल्या जिल्ह्यातही घरेच्या घरे भिजली. जुन्या बीडकरांना तर जुलै १९८९ मधला बिंदुसरेचा पूर आठवत असेल. पुराचे पाणी ओसरले तरी भिंतींतली ओल काही आठवडे राहते. अशा वेळी भिजलेल्या गाद्या, पुठ्ठे, प्लायवूडचे कपाट यांचा मोह सोडा. त्यांच्या आतपर्यंत बुरशी जाते आणि ती धुऊन निघत नाही. भांडी, टाइल्स, स्टील, प्लास्टिक धुऊन वापरता येते. आणि भिंत वाळेपर्यंत लहान मुलांना त्या खोलीत झोपवू नका.

भाड्याने राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. शिकायला आलेली मुले, बदलीवर आलेली नोकरदार कुटुंबे यांना ओलीची दुरुस्ती आपल्या हाताने करता येत नाही. घरमालकांना विनंती आहे, की भाडेकरूने भिंतीकडे बोट दाखवले तर ते निमित्त समजू नका. आज पाइपचा सांधा बदलायला जेवढा खर्च येईल, त्याच्या कितीतरी पट खर्च उद्या प्लास्टर काढायला येईल. भिंत शेवटी तुमचीच आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. हे काम बायकांचे, असे कुठे लिहिलेले नाही. उंचावरचे कोपरे घासायचे आहेत, स्टूल धरायचे आहे, बटण बंद करायचे आहे, ड्रम हलवायचे आहेत. येत्या रविवारी अर्धा तास काढा. मावशी हे काम करणार असतील तर त्यांना मोजे आणि मास्क द्या, आणि कोणती बाटली कशाची आहे ते बाटल्यांवर ठळक मराठीत लिहा. त्यांना वाचता येत नसेल, तर ॲसिडची बाटली एका ठिकाणी आणि ब्लीचची दुसऱ्या ठिकाणी, अशी ताटातूट करून ठेवा. सगळे करूनही घरातल्या कुणाचा खोकला दोन-तीन आठवड्यांत थांबला नाही, तर भिंतीकडे पाहत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. खोकल्याची कारणे पुष्कळ असतात आणि त्यांतली काही बुरशीपेक्षा गंभीर असतात.

घर बांधताना आपण देवघराची जागा विचारून ठरवतो, स्वयंपाकघराची दिशा पाहतो. न्हाणीघराला मात्र उरलेला कोपरा देतो. नवे घर बांधणाऱ्यांनी गवंड्याला एवढेच सांगावे, की न्हाणीघराची एक भिंत बाहेरच्या बाजूची हवी आणि तिला हात बाहेर निघेल अशी खरी खिडकी हवी. पुढची वीस वर्षे काळे डाग घासण्याचे कष्ट त्या एका खिडकीने वाचतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)